आवाज लहान ठेवा: हुंकार, ॐकार आणि जप यांच्या आधारानं ध्यानाला बसताना

ओठ मिटा आणि "म्म्म्" असं गुणगुणत राहा. गुणगुणता गुणगुणता अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोन्ही नाकपुड्या बंद करा. आवाज जवळपास लगेच थांबला पाहिजे. थांबला, तर हुंकार नाकातून जातोय, म्हणजे पाया ठीक आहे. चालूच राहिला, तर ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटतेय. आवाजाच्या आधारानं ध्यान शिकायचं असेल तर सुरुवात या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेनं करावी. कुठला मंत्र घ्यावा हा प्रश्न नंतरचा आहे, आणि बहुतेक वेळा तो आपोआप सुटतो.

"श्वासाकडे लक्ष द्या" हे ऐकून डोळे मिटले आणि दुसऱ्याच मिनिटाला मन गॅसवर ठेवलेल्या दुधापाशी पोचलं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. श्वास फार बारीक असतो, नवख्या मनाच्या हाती लागत नाही. आवाज त्या मानानं ठसठशीत. तो कानाला ऐकू येतो, ओठांवर आणि छातीत जाणवतो आणि लक्ष उडालं की स्वतःच चुगली करतो: स्वर हलतो, लांबी आखूड होते, जपातला एखादा शब्द गळतो. शिवाय गुणगुणताना हवा थोडी थोडीच बाहेर पडते, त्यामुळे उच्छ्वास न मोजता लांबतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावला होता. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला ६ च्या आसपास आली. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. धर्म निराळे, भाषा निराळ्या, पण परिणाम सारखाच.

एवढं मात्र आधीच ठरवून टाका की आवाज हे ध्यान नव्हे. आवाज थांबल्यावर जी दोन-पाच मिनिटं मिळतात त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. नवखे लोक नेमकी तीच मिनिटं कापतात. अकरा भ्रामरी (कान झाकून केलेले हुंकार) झाल्या की टुणकन उठतात आणि "काही विशेष वाटलं नाही" म्हणतात.

बसण्याआधी

पोट रिकामं किंवा हलकं हवं. पूर्ण जेवणानंतर अडीच-तीन तास, चहा-बिस्किटानंतर अर्धा तास जाऊ द्या. भरल्या पोटी हुंकार केला तर पोट श्वासाच्या पडद्याला वर ढकलत राहतं, श्वास आखूड होतो आणि आंबट ढेकर घशाशी येतात. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांना हे पहिल्याच दिवशी कळतं.

मांडी घालून बसत असाल तर ढुंगणाखाली घडी केलेलं घोंगडं किंवा घट्ट उशी घ्या, चार-पाच इंच उंच. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. ते वर राहिले तर कंबर मागे कलते, पोट दुमडतं आणि हुंकार पाच सेकंदांच्या पुढे जात नाही. आवाज लांबत नाही अशी तक्रार करणाऱ्यांत श्वासाचा दोष थोड्यांचा असतो, बैठकीचा पुष्कळांचा. खुर्चीवर बसलात तरी काही बिघडत नाही. पाठ टेकवू नका, पावलं जमिनीला पूर्ण टेकवा.

उदबत्ती लावायची सवय असेल तर ती बसण्याआधी विझू द्या किंवा दुसऱ्या खोलीत लावा. लांब श्वासाबरोबर धूरही खोल जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला खोकला येतो. नाक आधी शिंकरून मोकळं करा. चार घोट कोमट पाणी प्या. चष्मा आणि श्रवणयंत्र काढून ठेवा. फोन नुसता सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. आवाजाच्या साधनेत टेबलावर फोन थरथरला की तो हुंकारापेक्षा मोठा वाटतो.

हुंकार: तोंडात नेमकं काय करायचं

ओठ मिटलेले, पण दात सुटे. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये करंगळीचं टोक मावेल एवढी फट ठेवा. जीभ तळाशी सैल पडू द्या, टोक खालच्या दातांमागे अलगद टेकलं तरी चालेल. जबडा आवळलेला असेल तर आवाज दातांत अडकल्यासारखा, चपटा येतो आणि दहा मिनिटांत कानशिलं दुखू लागतात. फट ठेवल्याबरोबर तोच आवाज गोल होतो. दोन्ही करून पाहा, फरक लगेच कळेल.

आता स्वर. गाणाऱ्यासारखा स्वर शोधायला जाऊ नका. फोनवर समोरचा बोलत असतो आणि आपण मधूनमधून "हं… हं…" करतो, तो "हं" आठवा. त्यात गळ्यावर काही ताण नसतो. तोच तुमचा स्वर, तोच लांबवा. पेटी किंवा तानपुऱ्याचं ॲप असेल तर ताडून बघता येईल. पुरुषांचा स्वर साधारण पांढरी १ च्या आसपास किंवा थोडा खाली पडतो, बायकांचा काळी ४ च्या आसपास. तुमचा याहून वेगळा पडला तर तुमचाच खरा. स्वर फार वर गेला तर कंप डोक्यात टोचतो, फार खाली गेला तर आवाज घरघरतो आणि घसा कोरडा पडतो.

तानपुरा साथीला लावावा का? पहिला आठवडा लावा, स्वर घट्ट होतो. नंतर बंद करा, कारण तुमचा आवाज थांबल्यावरही तो वाजतच राहतो आणि जी शांतता ऐकायची तीच बुजवून टाकतो.

आवाज किती मोठा? शेजारच्या खोलीतल्या माणसाला जेमतेम कळेल इतका. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि पहिल्या दिवशी सगळेच मोठा करतात. मोठ्या आवाजाला हवा जास्त लागते, हुंकार लवकर संपतो, मग तो लांबवण्यासाठी पोट आवळलं जातं आणि दहा मिनिटांनी माणूस ध्यान सोडून धापा टाकत बसतो. आवाज निम्मा करा, लांबी आपसूक वाढते.

पोत तपासायची आणखी एक युक्ती. गुणगुणताना तर्जनीचं टोक आळीपाळीनं तीन ठिकाणी अगदी हलकं ठेवा: वरच्या ओठावर, नाकाच्या हाडाशेजारी आणि छातीच्या मधल्या हाडावर. तिन्हीकडे थरथर लागली पाहिजे. फक्त छातीत लागत असेल तर स्वर थोडा वर घ्या. फक्त नाकात लागत असेल तर जबडा सैल सोडा. ओठांवर मुंग्या आल्यासारखी गुदगुली होणं हे चांगलं लक्षण आहे. कित्येकांना त्यानं हसू येतं. हसून घ्या आणि पुढे चला.

भ्रामरी

हुंकार नीट बसला की त्याचीच भ्रामरी होते. हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात आठ कुंभक, म्हणजे प्राणायामाचे प्रकार, सांगितले आहेत, त्यांत ही आहे. तिथे श्वास घेताना भृंगाचा म्हणजे नर भुंग्याचा आवाज आणि सोडताना भृंगीचा मंद मंद आवाज करायला सांगितलंय. श्वास घेतानाचा आवाज म्हणजे घशात घोरल्यासारखी घरघर. तो नवख्यांनी निदान दोन महिने सोडून द्यावा. घसा खरवडतो, बाकी पदरात काही पडत नाही. श्वास गुपचूप घ्यायचा, आवाज फक्त सोडताना.

१. ताठ बसा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास नेहमीसारखे जाऊ द्या.

२. कानाच्या भोकासमोर गालाच्या बाजूला छोटी मऊ टिकली असते. ती तर्जनीनं किंवा अंगठ्यानं आत दाबून भोक झाका. बोट भोकात घालायचं नाही.

३. नाकानं साधारण ४ सेकंद श्वास घ्या. छाती फुगवायची नाही, बरगड्या बाजूला पसरू द्यायच्या.

४. हुंकार सुरू करा, ७ ते ९ सेकंद. सुरुवातीला ५ सेकंद आला तरी पुरे.

५. श्वास पूर्ण संपायच्या आत आवाज थांबवा. श्वासाची पै न् पै खर्च करू नका, थोडी शिल्लक ठेवा.

६. कान झाकलेलेच ठेवून पुढचा श्वास आपण होऊन येईपर्यंत थांबा. ही जागा दीड-दोन सेकंदांची असते. इथे श्वास रोखायचा नाही, फक्त घाई करायची नाही.

असं एक आवर्तन साधारण १४ सेकंदांचं होतं. पहिला आठवडा ५ आवर्तनं, दुसरा-तिसरा ७, मग ११. अकरा म्हणजे अडीच मिनिटं. त्याहून जास्त भ्रामरी करून ध्यान खोल होत नाही, हात मात्र दुखतात.

हात दुखणं ही भ्रामरीतली खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चौथ्या आवर्तनाला कोपरं जड होतात, खांदे कानाशी येतात, मान आखडते, आणि लक्ष आवाजावर राहण्याऐवजी "अजून किती राहिल्या" यावर जातं. मांडीवर दोन उशा रचून कोपरं त्यांवर टेकवा किंवा टेबलासमोर बसून कोपरं टेबलावर ठेवा. सरळ औषधाच्या दुकानातले फोमचे इअरप्लग लावले तरी काम होतं. डोळे, नाक, ओठ सगळं बोटांनी झाकायची षण्मुखी मुद्रा फोटोत छान दिसते. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. डोळ्यांवर बोटं दाबली जातात आणि नाकपुड्या दबून हुंकारच कोंडतो.

कान झाकायचे कशासाठी? आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. कान झाकला की हाडांतून आलेला खालचा नाद बाहेर निसटू शकत नाही, आत घुमत राहतो. त्यामुळे बाहेर जेमतेम ऐकू येणारा हुंकार आत देवळाच्या गाभाऱ्यासारखा भरतो. आवाज लहान ठेवा असं पुन्हा पुन्हा सांगतोय त्याचं हेही एक कारण.

ॐकार

रोज नुसती भ्रामरी करणाऱ्याला ॐकार सक्तीचा नाही. पण अनेकांना बंद ओठांचा आवाज कोंदट वाटतो, त्यांना हा मोकळा करतो.

संस्कृतात 'ओ' हा अ आणि उ यांच्या संधीतून झालेला स्वर आहे, म्हणून अ-उ-म असे तीन भाग सांगतात. जुन्या छपाईत 'ओ३म्' असं दिसतं, त्यातला ३ हा आकडा प्लुताची खूण आहे: स्वर तीन मात्रा लांबवायचा. बारा मंत्रांचं मांडूक्य उपनिषद या तिन्ही मात्रांनंतर एक चौथा पाद सांगतं, ज्याला मात्राच नाही. अभ्यासाच्या भाषेत बोलायचं तर आवाजानंतरचा विराम हासुद्धा ॐकाराचाच भाग धरा आणि त्याला वेळ द्या.

करायचं असं. जबडा दोन बोटं मावतील एवढा उघडा, 'अ' पासून 'ओ' कडे सरकत ओठ गोल करत न्या, मग ओठ मिटून 'म्'. १२ सेकंदांचा ॐकार असेल तर उघडा स्वर ४ सेकंद आणि 'म्' ८ सेकंद. याबाबत परंपरांमध्ये मतभेद आहेत, काही ठिकाणी उघडा स्वरच लांब ठेवतात. गळा मोकळा करायला तो बरा. ध्यानासाठी 'म्' लांब ठेवलेला बरा, कारण उघड्या तोंडातून हवा भसाभस जाते आणि बंद ओठांत ती टिकते.

तीन चुका हमखास होतात. पहिली, सुरुवातीला गळ्यावर ठोसा. "अ" एकदम फुटतो, खोकल्याच्या आधी होतो तसा. उपाय सोपा आहे: मनातल्या मनात बारीकसा 'ह' लावून सुरू करा. ऐकू न येणारा 'ह', पण त्यानं स्वर अलगद उठतो. दुसरी चूक शेवटाला होते. आवाज संपायच्या आत ओठ उघडतात आणि 'ओम्म्म्' चा 'ओम्म्म्अ' होतो. मराठीत आपण 'ओम' असं मोकळं लिहितो-बोलतो, त्याची ही सवय. आवाज पूर्ण विरला, कंप गेला, मग एक श्वास झाला, तरी ओठ मिटलेलेच हवेत. तिसरी चूक म्हणजे गाणं. स्वर हलवणं, शेवटी मींड घेणं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. ज्यांचा गळा चांगला आहे त्यांच्यात ही जास्त दिसते. आपण ऐकणाऱ्याच्या जागी बसायचं असतं, गाणारे पटकन उठून व्यासपीठावर जातात.

गटात ॐकार म्हणताना शेजाऱ्याच्या श्वासाशी बरोबरी करू नका. सुरुवात सगळ्यांनी एकत्र करावी आणि ज्याचा श्वास जिथे संपेल तिथे त्यानं थांबावं. वीस माणसांचा ॐकार एकेक आवाज गळत विरत जातो तो फार सुंदर ऐकू येतो. सगळे ओढून-ताणून एकदम संपवतात तेव्हा मात्र चेहरे लाल झालेले असतात.

जप

जपाला शब्द कुठला, यावर वाद घालण्यात महिने घालवू नयेत. कानावर लहानपणापासून पडलेला घ्या. वारकऱ्यांचा 'राम कृष्ण हरि' सहा अक्षरी आहे. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी घरोघर पोचवलेला 'श्रीराम जय राम जय जय राम' तेरा अक्षरी. बौद्ध घरांत त्रिसरण तोंडात बसलेलं असतं, वसई-गोव्याकडे रोझरी. देवाचं नाव नको असेल तर 'सोऽहम्' आहे: श्वास घेताना 'सो', सोडताना 'हम्'. अट एकच, ४० दिवस शब्द बदलायचा नाही. दर आठवड्याला नवा मंत्र घेणारा माणूस दर आठवड्याला डॉक्टर बदलणाऱ्या रोग्यासारखा असतो, औषध कुठलंच लागू पडत नाही.

माळ १०८ मण्यांची, शिवाय एक मोठा मेरुमणी. मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही असा प्रघात आहे. तर्जनी बाजूला ठेवल्यानं माळ अडकत नाही, हा त्यातला व्यवहार. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. डोळे न उघडता फेरी संपल्याचं बोटाला कळतं. हात छातीशी अधांतरी धरला तर तिसऱ्या मिनिटाला दुखतो, मांडीवर टेकवा.

एका उच्चाराला साधारण ३ सेकंद धरले तर तेरा अक्षरी मंत्राची एक माळ साडेपाच मिनिटांत होते. ती अडीच मिनिटांत उरकत असेल तर काय होतंय ते फोनवर रेकॉर्ड करून ऐका. 'सीरामजैरामजैजैराम' असं एकसंध गाठोडं ऐकू येईल. शब्द गळायला लागले की माळ चालू असते आणि माणूस घरी नसतो. तेव्हा वेग कमी करा, आवाज वाढवू नका. श्वासाशी जबरदस्तीनं जोडायचाही प्रयत्न नको. एका उच्छ्वासात एकदा होईल नाहीतर दोनदा, श्वास येईल तेव्हा घ्यावा. 'सोऽहम्' तेवढा श्वासाला बांधलेला आहे.

परंपरेनं जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: इतरांना ऐकू येणारा वाचिक, फक्त ओठ हलणारा उपांशु आणि मनातला मानस. नवख्यानं हे तीन प्रकार तीन वर्षांत न करता एकाच माळेत करावेत. पहिले ३६ मणी ऐकू येतील असे, पुढचे ३६ ओठांत, शेवटचे ३६ मनात. आवाज पायरीपायरीनं आत उतरतो आणि माळ संपते तेव्हा शांततेत बसणं जड जात नाही. सरळ मानस जपानं सुरुवात केली तर दहाव्या मण्यापर्यंत झोप येते किंवा बाजाराची यादी सुरू होते.

आवाज थांबल्यावर

शेवटचा हुंकार, ॐ किंवा मणी झाला की हात खाली घ्या आणि हलू नका. आधी कंपाचा माग काढा: ओठांवरचा किती वेळ टिकतो, टाळूतला कधी जातो, कानात काय उरतं. साधारण अर्ध्या मिनिटात हे सगळं विरतं. मग बाहेरचे आवाज येऊ द्या. पंखा, रिक्षा, कुकरची शिट्टी. त्यांना नावं ठेवायची नाहीत आणि देऊही नयेत. मन पळालं असं कळलं की एक, फक्त एक लहानसा हुंकार करा आणि पुन्हा गप्प बसा. दहा मिनिटांत पाच-सहा वेळा असा हुंकार लागला तरी काही वावगं नाही. काही दिवसांनी त्याची गरज कमी होते. मोजत मात्र बसू नका.

या शांततेत कानात बारीक झिणझिण किंवा रातकिड्यासारखा आवाज येतो. शांत खोलीत तो बहुतेकांना ऐकू येतो. त्याला लगेच अनाहत नाद (आघाताशिवाय आत उठणारा नाद) ठरवून गुरुबंधूंना फोन करू नका. ऐका आणि सोडा. दिवसभर येत असेल, एकाच कानात येत असेल किंवा चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त हुंकार आणि ५ भ्रामरी, नंतर २ मिनिटं गप्प. एकूण पाच मिनिटंही होत नाहीत आणि ते मुद्दाम आहे. दुसऱ्या आठवड्यात ७ भ्रामरी, ३ मिनिटं शांत. तिसऱ्यात ७ भ्रामरीनंतर ११ ॐकार किंवा एक माळ, दोन्हींपैकी एकच, आणि ५ मिनिटं शांत. चौथ्यात ११ भ्रामरी, तोच ॐकार किंवा तीच माळ आणि शांतता ७ ते १० मिनिटं. वाढवायची ती शांतता, आवाजाचा भाग आठ-नऊ मिनिटांवर थांबवा. वेळ कमी असेल त्या दिवशी आवाज कापा, शांतता नको.

वेगवेगळ्या पद्धतींचा काला करू नका. विपश्यनेचा अभ्यास चालू असेल तर हे स्वतंत्र ठेवा. इगतपुरीच्या आणि त्या परंपरेतल्या सगळ्या शिबिरांत जप, माळ, मंत्र पूर्ण बाजूला ठेवायला सांगतात, कारण तिथे नैसर्गिक श्वास आणि संवेदना जशा आहेत तशा बघायच्या असतात. इथे आपण श्वास मुद्दाम लांबवतोय. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, एका बैठकीत नकोत.

काय बिघडतं

डोकं हलकं होणं, बोटांना मुंग्या: दोन आवर्तनांमधले श्वास तुम्ही फार खोल आणि भराभर घेताय. आवाज बंद करा, पाच-सहा साधे श्वास जाऊ द्या आणि पुढच्या वेळी श्वास पाऊण भरूनच हुंकार करा.

घसा कोरडा, खवखव: आवाज मोठा आहे किंवा स्वर खाली आहे. एसीच्या थेट झोतात बसलात तरी हेच होतं.

कानात दडे बसल्यासारखं: कान फार जोरानं दाबताय. झाकायचे असतात, सील करायचे नसतात.

झोप: रात्री करत असाल तर येणारच, आणि झोपच हवी असेल तर उत्तम. ध्यान हवं असेल तर सकाळी करा, डोळे अर्धे उघडे ठेवा.

रडू येणं: याला घाबरायचं कारण नाही. लांब उच्छ्वासानं शरीर सैल पडलं की कधीकधी येतं. येऊ द्या. पण रोज येत असेल, जुन्या प्रसंगांची धास्ती वर येत असेल तर एकट्यानं रेटू नका. डोळे उघडा, आवाज थांबवा आणि जाणत्या समुपदेशकाशी बोला.

सर्दीत नाक पूर्ण बंद असताना हुंकार होतच नाही, सुरुवातीची चिमटीची परीक्षा आठवा. त्या दिवशी ओठांतला जप करा. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर कान झाकू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखायचा नाही, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. फिट्सचा किंवा गंभीर मानसिक आजाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आणि अनुभवी शिक्षकाला विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि गाडी चालवताना भ्रामरी, कान न झाकतासुद्धा, अजिबात नको.

फायद्यांच्या याद्या इंटरनेटवर मैलभर लांब आहेत. त्यांतली एक गोष्ट खरीखुरी मोजलेली आहे: २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की गप्प श्वास सोडण्यापेक्षा हुंकारात नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड १५ पट असतो, कारण कंपामुळे सायनसच्या पोकळ्यांतली हवा ढवळून निघते. याचा अर्थ सायनसचा आजार भ्रामरीनं बरा होतो असा नाही, औषधं बंद करू नका. आणि अमुक हर्ट्झवर ॐ म्हटला की तमुक चक्र उघडतं, हे सोडून द्या. माणसाचा गळा एका श्वासात दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे होतोच.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर बरोबर आवाजात केलेला हुंकार बंद दारापलीकडे जात नाही. तरी संकोच वाटत असेल तर पहिले काही दिवस जाडसर टॉवेल चारपदरी घडी करून तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा, नाकाला चिकटवू नका. लोकलमध्ये किंवा एसटीत माळ काढायची नसेल तर बोटांवर मोजा. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठ्यानं करंगळीच्या तळच्या पेरापासून सुरू करून तर्जनीच्या टोकापर्यंत या. बारा झाले की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढे सरका. असे नऊ फेरे झाले की १०८.